छावणीतला डॉक्टर गोळी देण्याआधी इतके प्रश्न का विचारतो?

पुराचं पाणी गावात शिरलं, तुम्हाला शाळेच्या इमारतीत आणून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ताप आला. रांगेत तासभर उभं राहिल्यावर डॉक्टरांसमोर पोहोचता, तर शेजारी वही किंवा टॅब घेऊन बसलेली कार्यकर्ती विचारते: वय किती? गाव कुठलं? जुलाब आहेत का, कधीपासून? "आधी औषध द्या, मग काय लिहायचं ते लिहा," हे वाक्य मी 2019 मध्ये सांगलीच्या पुरानंतर छावण्यांमध्ये रोज ऐकत होतो. तो राग मला समजतो. पण त्या नोंदीचं पुढे काय होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये आफ्रिकेतल्या मोझांबिकला 'इडाई' चक्रीवादळाचा तडाखा बसला. बेइरा हे बंदराचं शहर उद्ध्वस्त झालं आणि मदतीला देशोदेशींची वैद्यकीय पथकं आली. प्रत्येक पथकाची नोंद ठेवायची पद्धत वेगळी असेल, तर सगळ्यांची बेरीज होणार कशी? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेला एकच तक्ता तिथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. आज किती रुग्ण तपासले, त्यात जुलाबाचे किती, तापाचे किती, जखमांचे किती, मुलं किती, गरोदर बायका किती. दिवसाखेर हे आकडे वर पाठवायचे. या कल्पनेची सुरुवात फिलिपीन्समध्ये झाली आणि जपानने 2016 च्या कुमामोतो भूकंपात ती वापरली होती.

मोझांबिकमध्ये 27 मार्चला कॉलऱ्याची साथ जाहीर झाली आणि 3 एप्रिलला तोंडावाटे द्यायच्या लसीची मोहीम सुरू झाली. सुमारे 9 लाख डोस आणले होते. वादळाने वीज, रस्ते, फोन सगळं मोडलेलं असताना एका आठवड्यात हे घडलं. त्यात जागतिक लससाठ्याचा आणि तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा होताच. पण लस कुठे न्यायची हे ठरवायला रुग्ण कुठे वाढताहेत ते कळावं लागतं.

माझ्यासमोर जुलाबाची तीन मुलं आली, तर मी तिघांना ओआरएस देतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. पलीकडच्या छावणीत पाच आली, हे मला दिसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या माणसाला मात्र आठही दिसतात, आणि दोन्ही छावण्यांना पाणी एकाच टँकरने येतं हे त्याच्या लक्षात येऊ शकतं. आपल्याकडे हे काम एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमातून चालतं. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची शंका असलेल्या भागात डॉक्सिसायक्लिन वाटायचं का, हेही अशाच नोंदी बघून ठरतं. (वर जाणाऱ्या या तक्त्यात नाव लागत नाही, फक्त संख्या लागते. आजार चारचौघांत सांगायचा नसेल, तर बाजूला घेऊन सांगतो म्हणा.)

पण तो तक्ता तुम्हाला मोजतो, ओळखत नाही. छावणीत मला सर्वांत जास्त अडचण साथीच्या रुग्णांची नव्हती, जुन्या आजारांच्या रुग्णांची होती. "बीपीची छोटी पांढरी गोळी, सकाळी." अहो, निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात! बीपी मोजून नवी गोळी सुरू करता येते. पण फिट्सचं औषध, झडप बदललेल्यांचं रक्त पातळ ठेवणारं औषध, किडनी प्रत्यारोपणानंतरची औषधं यांत अंदाज चालत नाही. फाइल पाण्यात गेलेली आणि नाव आठवत नाही, अशी माणसं मी परत पाठवू शकत नव्हतो आणि धड उपचारही करू शकत नव्हतो.

अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळात हेच झालं. न्यू ऑर्लिन्समधल्या असंख्य रुग्णांचे कागद भिजून गेले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या, त्यामुळे त्या रुग्णांची माहिती दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना मिळाली. इतरांसाठी औषध दुकानांच्या नोंदी एकत्र करून काही आठवड्यांत एक संकेतस्थळ उभं करावं लागलं. मदत आली, पण पहिले दिवस निघून गेले होते.

"आमचं आभा कार्ड आहे की," असं तुम्ही म्हणाल. आभाचा 14 अंकी क्रमांक जरूर काढा, पण त्याला घराच्या पत्त्यासारखं समजा: पत्ता आहे म्हणून घरात सामान असतंच असं नाही. तुमच्या रुग्णालयाने नोंदी त्याला जोडल्या असतील तरच त्या दिसतात. अॅप उघडून स्वतःच्या नोंदी खरंच दिसतात का, हे आजच पाहा. शिवाय नेटवर्कचा भरवसा नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा विजेबरोबर मोबाइलही बंद पडले होते.

म्हणून मी माझ्या रुग्णांना तीन जागा सांगतो. ताज्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये, तोच फोटो दुसऱ्या गावातल्या मुलीकडे किंवा भावाकडे, आणि एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाबरोबर. कागदावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा. कंपनीचं नाव दुसऱ्या जिल्ह्यात मिळेलच असं नाही. अॅलर्जी असेल तर ती सगळ्यात वर. औषध बदललं की तिन्ही ठिकाणी बदला, कारण दोन वर्षांपूर्वीचा डोस कधीकधी काहीच माहिती नसण्यापेक्षा वाईट.

आणि डायलिसिस, इन्सुलिन किंवा नववा महिना असेल, तर छावणीत पोहोचल्या दिवशीच, त्रास सुरू व्हायची वाट न बघता, त्या वहीवाल्या ताईंना सांगा. रस्ते बंद असताना डायलिसिससाठी बोट किंवा गाडी ठरवायला एक दिवस तरी लागतो.