डार्सीचे पत्र पडद्यावर

एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला की तो पाहून आलेल्यांना आपण एकच प्रश्न विचारतो, "पुस्तकाप्रमाणे आहे का?" हा प्रश्न मला नेहमी अपुरा वाटतो. पुस्तकातले संवाद जसेच्या तसे ठेवूनही पुस्तक हातून निसटू शकते आणि पुष्कळ पाने गाळूनही त्याचा जीव टिकू शकतो. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी पडद्यावर अनेक वेळा आली आहे. म्हणून मी तिचेच उदाहरण घेतो.

ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या खर्ड्याला लेखिकेने 'फर्स्ट इंप्रेशन्स', म्हणजे पहिल्या भेटीत होणारी मते, असे नाव दिले होते. हस्तलिखिताचे हक्क तिने प्रकाशकाला अवघ्या ११० पौंडांना विकले. कादंबरीतल्या डार्सीचे वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेची किंमत कळते.

गोष्ट थोडक्यात अशी. लाँगबोर्न या गावी बेनेट कुटुंब राहते. घरात पाच मुली आहेत, मुलगा नाही. मिळकत पुरुष वारसाकडेच जायची, असे कागदोपत्री बांधलेले आहे. त्यामुळे बेनेट वारले की घर आणि जमीन कॉलिन्स नावाच्या लांबच्या भाऊबंदाकडे जाणार. बेनेटबाई मुलींच्या लग्नासाठी जी धावपळ करतात, तिला आपण हसतो. पण हसताना हेही आठवावे, की नवऱ्याच्या मागे त्यांना स्वतःचे छप्पर उरणार नाही. दुसरी मुलगी एलिझाबेथ बुद्धिमान आणि हजरजबाबी आहे. माणसे आपल्याला चटकन ओळखता येतात, असा तिला विश्वास आहे. श्रीमंत आणि अबोल डार्सी पहिल्याच नृत्यसमारंभात तिच्याबरोबर नाचायचे टाळतो आणि तिला ऐकू जाईल असे काहीबाही बोलतो. तेव्हापासून तो तिच्या मनातून उतरतो. पुढे विकहॅम नावाचा देखणा, गोडबोल्या लष्करी अधिकारी येतो आणि डार्सीने आपल्यावर कसा अन्याय केला ते तिला सांगतो. एलिझाबेथला ते सारे खरे वाटते. वाचणाऱ्यालाही खरे वाटते.

मग डार्सी तिला लग्नाची मागणी घालतो. ती त्याला सडेतोड नकार देते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक पत्र तिच्या हाती देऊन निघून जातो.

गालिबची पत्रे तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचली असतील. ती वाचताना लिहिणारा समोर बसून गप्पा मारतो आहे असे वाटते. डार्सीचे पत्र अगदी उलट आहे. दोन कागद दाट अक्षरांत भरलेले आहेत, वरचे वेष्टनसुद्धा कोरे राहिलेले नाही. सूर कोर्टात कैफियत मांडणाऱ्या माणसाचा आहे. पण माझ्या मते कादंबरीचा खरा प्रसंग पत्र लिहिण्याचा नाही, ते वाचण्याचा आहे. एलिझाबेथ ते आधी रागाने, घाईघाईने वाचते. हे खोटे आहे असे म्हणून घडी घालते आणि क्षणभरातच पुन्हा उघडते. आता ती एकेक वाक्य तपासू लागते. विकहॅमने जवळजवळ अनोळखी असलेल्या मुलीला आपली सारी खासगी हकीकत का सांगावी? डार्सीला आपण घाबरत नाही म्हणणारा हा माणूस, डार्सी जेथे भेटणार होता त्याच समारंभाला का आला नाही? या गोष्टी तिने पाहिल्या होत्या, ऐकल्या होत्या. फक्त त्यांचा अर्थ लावला नव्हता. दोन तास ती त्या वाटेवर फिरत राहते. स्वतःच्या हुशारीचा अभिमान असलेल्या मुलीला आपणच फसलो हे कळते.

येथे लेखिकेची युक्ती पाहण्यासारखी आहे. डार्सीला एलिझाबेथ आवडू लागली आहे, हे ती आपल्याला बरेच आधी सांगते. पण तो माणूस चांगला की वाईट, याविषयी मात्र मौन पाळते. त्यामुळे एलिझाबेथबरोबर आपणही फसतो. तिची लाज थोडी आपलीही होते. पडद्यावरच्या निरनिराळ्या रूपांतरांकडे मी याच प्रसंगाच्या खिडकीतून पाहतो.

हॉलिवूडने १९४० साली काढलेला कृष्णधवल चित्रपट मोठा मजेदार आहे. ग्रीअर गार्सन एलिझाबेथ झाली आहे आणि लॉरेन्स ऑलिव्हिए डार्सी. पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता प्रसिद्ध लेखक ऑल्डस हक्स्ली. कपडे कादंबरीच्या काळातले नाहीत, नंतरच्या फॅशनचे घेरदार झगे आहेत. डार्सी एलिझाबेथला धनुष्यबाण शिकवायला जातो आणि तिचा नेम त्याच्यापेक्षा चांगला निघतो. हे पुस्तकात कुठेच नाही, पण पाहताना गंमत वाटते. मात्र या चित्रपटात ते पत्रच नाही. विकहॅमची हकीकत डार्सी नंतर स्वतः येऊन सांगतो. म्हणजे एलिझाबेथला एकटीने बसून विचार करण्याची गरजच उरत नाही. शेवटी तर डार्सीची तिरसट मावशी लेडी कॅथरिनही मनातून चांगली निघते! सगळेच चांगले निघाले की विनोदाची धार बोथट होते.

१९८० साली बीबीसीने केलेली पाच भागांची मालिका आज फारसे कोणी पाहत नाही. फे वेल्डन या लेखिकेने तिची पटकथा लिहिली होती. मालिका संथ आहे, पण एलिझाबेथच्या मनातले विचार तिच्याच आवाजात ऐकू येतात, एवढा मान तिला दिलाच पाहिजे.

सर्वांत लाडकी ठरली ती बीबीसीचीच १९९५ ची मालिका. सहा भाग, साडेपाच तासांच्या आसपास, जेनिफर एली आणि कॉलिन फर्थ यांच्या भूमिका. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी ऑस्टिनचे पुष्कळ संवाद जपले आणि तिने न लिहिलेले काही प्रसंग घातले. डार्सी तलवारीचा सराव करतो, आपल्या इस्टेटीवरच्या तळ्यात उडी मारतो, मध्यरात्री मेणबत्तीच्या उजेडात पत्र लिहितो. त्याच्या मनात काय चालले आहे ते आपण जवळून पाहतो. कॉलिन फर्थचे काम उत्तमच आहे, याबद्दल वाद नाही. पण पत्राच्या वेळी मालिकेने काय केले? विकहॅमची गैरवर्तणूक आणि डार्सीच्या धाकट्या बहिणीला त्याने कसे भुलवले, हे सारे प्रत्यक्ष दाखवले. येथे माझे मत बहुतेकांहून वेगळे आहे. कॅमेऱ्याने दाखवले की आपण ते खरेच धरतो. पुस्तकात एलिझाबेथच्या हातात केवळ कागद आहे. एक माणूस एक सांगतो, दुसरा दुसरे सांगतो आणि तिने ठरवायचे आहे. मालिकेने तो निवाडा प्रेक्षकाच्या हातून काढून घेतला. सर्वांत जास्त शब्द जपणाऱ्या रूपांतरानेच नेमकी ही गोष्ट गमवावी, याचे मला नवल वाटते.

दिग्दर्शक जो राइट यांचा २००५ चा चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे. साहजिकच त्यात काटछाट फार आहे. बेनेटांचे घर येथे चिखलाने माखलेले, कोंबड्या-डुकरांच्या वर्दळीचे आहे. काही रसिकांना ते आवडले नाही. मला आवडले. या मुलींना पैशाची अडचण आहे, हे न बोलता कळते. एलिझाबेथ झालेली किएरा नाइटली चित्रीकरणाच्या वेळी एकोणीस वर्षांची होती. कादंबरीतली एलिझाबेथही वीस वर्षांची आहे. (१९४० मधल्या गार्सनबाई पस्तिशीच्या होत्या.) पत्राचा प्रसंग अगदी छोटा आहे. एलिझाबेथ आरशासमोर उभी आहे. बाहेरचा उजेड मावळत जातो. मागून डार्सी येतो, पत्र ठेवतो आणि ती वळते तोवर निघून गेलेला असतो. पत्रातला बराच मजकूर गाळला आहे, पुन्हा वाचणे तर नाहीच. तरीही तिला आरशासमोर उभे करणाऱ्या दिग्दर्शकाने मूळ प्रसंग नीट वाचला होता, असे मला वाटते.

भारतातही ही कथा आली. १९८५ साली दूरदर्शनवर 'तृष्णा' ही हिंदी मालिका याच कादंबरीवर आधारलेली होती. २००४ साली गुरिंदर चढ्ढा यांनी 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' काढला. त्यात बेनेटांचे झाले बक्षी, लाँगबोर्नचे झाले अमृतसर. ऐश्वर्या राय ललिता झाली, नम्रता शिरोडकर तिची थोरली बहीण. डार्सी अमेरिकन हॉटेलमालक आहे आणि सगळी मंडळी गोव्याच्या किनाऱ्यावरही जाऊन येतात. कॉलिन्सच्या जागी अमेरिकेत स्थायिक झालेले कोहलीसाहेब आहेत. ते पडद्यावर आले की हसू आवरत नाही. पुस्तकात तिसरी बहीण पियानो वाजवून पाहुण्यांना कंटाळा आणते, येथे ती नागनृत्य करते! पण कोहलीसाहेब बक्षींच्या घराचे वारस नाहीत. ललिताने त्यांना नकार दिला तर घर जाण्याची भीती नाही. कादंबरीत एलिझाबेथ कॉलिन्सला नाही म्हणते तेव्हा ती आई आणि बहिणींचे छप्परही पणाला लावते. तो धोका गेला की नकाराचे वजन घटते. लांबलचक पत्रही येथे नाही. डार्सी आणि ललिता समोरासमोर भांडतात आणि गाणी म्हणतात. या चित्रपटाच्या जातीला ते शोभते, म्हणून मी तक्रार करीत नाही.

माझ्या भाचीने २००५ चा चित्रपट आधी पाहिला आणि कादंबरी नंतर वाचायला घेतली. छत्तिसाव्या प्रकरणापाशी ती वैतागून म्हणाली, "मामा, या एलिझाबेथला कळायला इतका वेळ का लागतो? विकहॅम खोटारडा आहे हे तर दिसतेच आहे!" तिला ते दिसत होते, कारण तिने ते आधी पाहिले होते. मी कॉलेजात असताना कादंबरीच आधी वाचली. डार्सीचे पत्र संपल्यावर मला राहवले नाही. पुढे न जाता मी पाने उलटीकडे चाळत सोळाव्या प्रकरणापर्यंत गेलो. विकहॅमने पहिल्यांदा आपली हकीकत सांगितली ती तेथे. तो तसाच बसून गोड बोलत होता. एकही शब्द बदललेला नव्हता.