विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही

जपानमधल्या शिराकावा-गोचे रील्स तुम्ही पाहिले असतील : बर्फ, आणि नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी उतरती गवती छपरं. रीलमध्ये दिसत नाही ते हे, की १९७१ मध्ये तिथल्या ओगिमाची गावच्या लोकांनीच ठरवलं, घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. युनेस्कोचा शिक्का आला तो १९९५ मध्ये! ३०-४० वर्षांनी छप्पर शाकारायचं, तर १००-२०० माणसं जमून एक-दोन दिवसांत काम उरकतात. त्याला म्हणतात ‘युई’. आपल्या इर्जिकीचीच बहीण म्हणा ना. (इर्जिक माहीत नसेल तर आजीला विचारा.) सह्याद्रीतल्या कित्येक गावांत मात्र आधी प्लॉटच्या पाट्या लागतात, ग्रामसभा भरते नंतर. शहरात शिकताय, जरूर शिका. पण गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर पुढच्या ग्रामसभेला जा आणि जमिनीचा विषय तुम्हीच काढा.