माघारी फिरणाऱ्याला हसू नका

पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आले, की नळदुर्गच्या किल्ल्यातील नर-मादी धबधबे पाहायला माणसे लोटतात. तेथे धोका कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पाण्याचा आवाजच पुरेसा असतो. हिमालयातील बर्फाचे तसे नाही. तो उतार मुका असतो आणि उन्हात तर फारच देखणा दिसतो. आपल्याकडचे विद्यार्थी हल्ली सुटीत तिकडे पदभ्रमणाला जातात, याचा मला आनंदच आहे. पण जाताना ते स्वेटर किती घ्यावेत एवढेच विचारतात, बर्फाविषयी काही विचारत नाहीत.

बर्फ कोसळतो कसा? खळ्यावरची ज्वारीची रास आठवा. धान्य ओतत गेले की एका मर्यादेनंतर वरचे दाणे आपोआप घसरतात. बर्फाचा घातक प्रकार याहून कपटी आहे. थंडीत जुन्या थराच्या आत साखरेसारखे सुटे कण तयार होतात. त्यांवर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. पाटावर साखर पसरून तिच्यावर शहाबादी फरशी ठेवावी आणि पाट तिरका करावा, तसाच हा प्रकार! मग एका माणसाचे वजनही पुरते. बहुतेक वेळा हा कडा सुटतो तो त्यावर चालणाऱ्यांच्याच पावलांनी. असे उतार साधारणपणे ३० ते ४५ अंशांचे, म्हणजे चढायला मोह पडावा असेच असतात. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस, जोराचा वारा, एकाएकी चढलेले ऊन, ही वाईट लक्षणे. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा भेग धावत गेली, तर मुका उतार बोलला असे समजावे. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या १५ मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. मदत खालच्या गावातून येईतो फार उशीर झालेला असतो. जवळ फावडे, शोधकाठी आणि संदेश देणारे यंत्र असलेले सोबतीच काय ते उपयोगी.

शिकलेल्यांना भय नाही, असेही नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. २७ मृतदेह हाती आले, दोघे बेपत्ता राहिले. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली प्रशिक्षिका सविता कंसवाल त्यांत होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सुमारे १९,६०० फूट उंचीवरील चौकीवर १० जवान गेले; सातारा जिल्ह्याचे सुनील सूर्यवंशी त्यांपैकी एक. पण जवानाला चौकी सोडता येत नाही. आपल्याला उतार सोडता येतो. मग आपण तो का सोडत नाही?

माझ्या मते याचे कारण बर्फात नाही, आपल्या संकोचात आहे. पैसे भरलेले असतात, रजा संपत आलेली असते, पुढारी अनुभवी असतो. तुकडीतल्या सर्वांत लहान मुलीला काही खटकले तरी ती बोलत नाही. बोललीच, तर भित्री ठरते. परतल्यावर ‘शिखर झाले का?’ हाच पहिला प्रश्न आपण विचारतो, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे पाहून हसतो. हे हसूच पुढच्या खेपेला कोणाला तरी वाईट उतारावर नेते. कोणी म्हणेल, अशाने कोणी डोंगरच चढणार नाही. चढतील की! पण धोक्याची जागा एकेकाने, अंतर राखून ओलांडतील, आणि एकाने जरी ‘नको’ म्हटले तरी सगळे थांबतील.

चंडीगडची संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देत असते. आपल्या फलकावर पुढची सूचना लागेल तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एवढे विचारा: ते इशारे रोज कोण पाहणार? फावडी किती आहेत? आणि माघारी फिरायचे कोणी ठरवायचे?