कंबर कुणाची मोडते, हात कुणाला लागतो?

रायगडच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची शरीरं दिसतात. एक शनिवार-रविवारी मुंबईहून अलिबागला येतं आणि रिसॉर्टमध्ये पैसे मोजून मालिश करून घेतं. दुसरं चिखलात वाकून भात लावतं, पेण-उरणच्या मिठागरात मीठ ओढतं, मासळीची पाटी डोक्यावर वाहतं, वीटभट्टीवर विटा थापतं. या दुसऱ्या शरीराची कंबर धरली की त्याच्या वाट्याला काय येतं? मेडिकलमधली वेदनाशामक गोळी, नाहीतर पायाळू माणसाची लाथ!

हे नशीब नाही मित्रांनो, ही व्यवस्था आहे.

याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, १९२७ साली बाबासाहेबांनी स्पर्शाचा प्रश्न देशासमोर उभा केला. फिजिओथेरपीत तर बहुतेकदा स्पर्श येतोच. अंग रगडणारा न्हावी आणि बाळंतिणीचं अंग चोळणारी सुईण यांचं काम जातिव्यवस्थेनं हलकं ठरवलं. आज पदवीधर हात तसाच अंगाला लागतो, तेव्हा त्याला फी आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळतात. पदवीमागे शरीररचनेचं शास्त्र आहे, त्याचं स्वागतच आहे. पण ते शास्त्र कष्टकऱ्याच्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही?

आणि नुसत्या हातानं भागतही नाही. स्नायू मोकळे केले, सांधा हलवला, तर दुखणं काही काळ कमी होतं. टिकाऊ फरक पडतो तो नियमित व्यायामानं आणि कामाचा भार बदलल्यानं. जिला उद्या पुन्हा तीच पाटी उचलायची आहे, तिला "आराम करा" म्हणणं म्हणजे मजुरी बुडव म्हणणं. म्हणून पाठदुखी हा कामगार प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी तो ओळखला होता. ते मजूर खात्याचे मंत्री असताना १९४४ साली अडारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. पण शेतमजूर, वीटभट्टी कामगार, मासळी विकणारी बाई अजूनही त्या विम्याच्या कुंपणाबाहेरच आहेत.

म्हणून दोन गोष्टी करू. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात आणू. आणि आपली मुलं-मुली या शिक्षणाकडे वळवू. शिकून परत याल तेव्हा पहिला हात आपल्या आईच्या पाठीला लावा, दुसरा शेजारच्या कातकरी वाडीला.

जय भीम!