जिभेला हाड असावे

आपल्या समाजात माणसाची खुशाली विचारण्याची सुरुवात त्याच्या अंगावरच्या मांसापासून होते. "किती वाळलास रे!" आणि "तब्येत बरीच सुधारली की!" ही दोन वाक्ये मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात इतक्या सहजपणे बोलली जातात की बोलणाऱ्याला ती घरी पोहोचेपर्यंत आठवतही नाहीत. धडधाकट माणसाला ती बोचत नसतील. परंतु ज्या घरात स्नायूंचा जुनाट विकार मुक्कामाला आला आहे, तेथे ही वाक्ये काय अनर्थ करतात याचा विचार धर्मग्रामातील कुटुंबे करणार आहेत की नाही, हा आमचा रोकडा सवाल आहे.

मुळात आपल्या भाषेनेच निकाल देऊन ठेवला आहे. वजन वाढले की तब्येत 'सुधारली' आणि घटले की 'उतरली'. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात हे दोन्ही निकाल खोटे ठरतात.

या विकारात स्नायू मूळचा धड असतो; बिघाड होतो तो मज्जातंतूचा निरोप स्नायूला मिळण्याच्या जागी. शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये ती जागा अडवून धरतात. विश्रांतीनंतर शक्ती येते आणि वापरता वापरता ती संपते. आमच्या जालना जिल्ह्यात, अंबड-परतूरकडे काय किंवा भोकरदनकडे काय, ताटात ज्वारीची भाकरी असते. असा रुग्ण पहिले चार घास नीट चावतो. पुढे जबडा थकतो, हनुवटीला हाताचा आधार द्यावा लागतो, कधी प्यालेले पाणी नाकावाटे परत येते. भूक असते, पण ताट अर्धे राहते. उन्हाच्या कडाक्यात हा थकवा आणखी वाढतो. वजन उतरू लागते आणि शेजारी निदान करतात: हिचे खाण्यावर मनच नाही, हिला नजर लागली, ही फार विचार करते!

मग डॉक्टर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड सुरू करतात. त्या गोळीने भूक खवळते, अंगात पाणी साठते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते. हातापायांत मात्र शक्ती बेताचीच असते. दीर्घकाळ गोळी घेतल्यास मांड्यांचे स्नायू उलट क्षीण होऊ शकतात. तेच शेजारी आता म्हणतात, "बरी झालीस की! आता काय, कामाला लाग." दोन वर्षांत एकाच बाईला आधी रडवी आणि मग आळशी ठरवून आपण मोकळे होतो. हाच विकार अमिताभ बच्चन यांना झाल्याचे १९८० च्या दशकात देशभर कळले, तेव्हा लोक हळहळले. पडद्यावरच्या नायकाला हळहळ आणि गल्लीतल्या शेजारणीला टोमणा, हा न्याय आम्हाला कळत नाही.

टोमण्याने जीव जात नाही, असे कोणी म्हणेल. येथे तो जाऊ शकतो. लग्नाच्या वयाची मुलगी 'फुगली' हा शब्द चार वेळा ऐकते आणि कोणाला न सांगता गोळी अर्धी करते, मग सोडून देते. स्टेरॉइड एकाएकी थांबवले की शरीराची स्वतःची ग्रंथी, जी इतके दिवस निजलेली असते, ती लगेच जागी होत नाही. त्यातच मूळ विकार उसळतो. श्वासाचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वसनयंत्राशिवाय गत्यंतर नसते. परतूर तालुक्यातल्या खेड्यातून ते यंत्र गाठायचे म्हणजे जालना, आणि तेथे सोय झाली नाही तर पुढे साठेक किलोमीटर छत्रपती संभाजीनगर. त्या रात्री अंगणातले आपण कोठे असतो?

डुशेन नावाच्या स्नायूक्षयाची मुले असलेल्या मातांचे दुःख आणखी निराळे. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचे वजन वाढते, उचलणाऱ्या आईची कंबर मोडते, आणि लोक तिला विचारतात, "इतके खायला का घालता?" पुढे तोच मुलगा गिळता न आल्याने वाळतो. मांस झिजून त्या जागी चरबी आली तरी वजनकाट्याला ते कळत नाही. काट्याला कळत नाही ते रस्त्यावरून पाहणाऱ्याला कळते काय?

"आम्ही काळजीपोटी बोलतो," हे समर्थन आम्ही पुष्कळ ऐकले आहे. काळजी असेल तर ती स्वयंपाकघरात दाखवावी. भाकरी वरणात वा दुधात चुरून द्यावी. पिरिडोस्टिग्मिनची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, सहसा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, घेतली जाईल असे पाहावे. शक्ती असते त्या वेळी मोठे जेवण ठेवावे. स्टेरॉइड चालू असताना लोणचे-पापडाचे मीठ आणि साखर आवरावी, पण ते घरातल्या सर्वांनी मिळून. एकट्या आजाऱ्याच्या ताटावर पहारा बसवू नये.

आणि उपवासाचे ओझे? १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम १२५२ उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांवर घालते आणि साठावे वर्ष लागताच उठवते. आजाऱ्यावर ते लादण्याचा धर्मसभेचा हेतू कधीच नव्हता. कलम १२४५ अन्वये धर्मग्रामाचे मुख्य धर्मगुरू सूटही देऊ शकतात. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीचा तासाभराचा उपवास कलम ९१९ ने आजाऱ्यांना माफ केला आहे. औषध आणि पाणी तर कोणालाच वर्ज्य नाही. ज्याला घन पदार्थ गिळवत नाही, त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा कलम ९२५ देते. धर्मसभा इतकी उदार असताना तिची लेकरे वाकड्या नजरेने पाहतात, म्हणून कित्येक आजारी शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वादाआधीच निघून जातात.

येत्या भस्मबुधवारी उपवासाचे नियम वाचले जातील, तेव्हा सवलतीची ही कलमेही तितक्याच मोठ्या आवाजात वाचली जावीत, अशी आमच्या धर्मगुरूंना विनंती आहे.