‘वाग्दत्त’ वर कुणी दिला?



साखरपुडा झाला, लग्न अजून व्हायचे आहे, अशा मुलाला काय म्हणावे? आपल्या घरोघरी सरळ ‘नवरदेव’ म्हणतात. ‘नव’ आणि ‘वर’ मिळून ‘नवरा’ झाला. त्याला पुढे ‘देव’ चिकटला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देव सोडले, पण मांडवातला हा देव काही सुटला नाही. असो, तो चार दिवसांचाच असतो.

शिकलेली मंडळी ‘वाग्दत्त वर’ लिहितात. हा शब्द मात्र नीट पाहिला पाहिजे. वाक् म्हणजे वाणी, दत्त म्हणजे दिलेला. पण मुलगा दिला कुणी? ‘वाग्दत्ता’ म्हटले की अर्थ लागतो. बापाने तोंडी शब्दावर देऊन टाकलेली मुलगी! मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात कन्या एकदाच दिली जाते असे आहे. शब्द दिल्यावर वर मेला, तर त्याच्या भावाने तिला वरावे असेही आहे. तिला विचारायचे कुणी नाही. मुलाचे दान कधी झालेच नाही, म्हणून तिचाच शब्द त्याला लावला असावा, असे आम्हांस वाटते.

हिंदीतला ‘मंगेतर’ मागण्यावरून आला. इंग्रजांनी ‘फियान्से’ फ्रेंचांकडून घेतला, त्याच्या मुळाशी विश्वास आहे. तो आम्हांला बरा वाटतो.

कारण आपल्या विवाहविधीत कन्यादान नाही. वर आणि वधू दोघेही प्रतिज्ञा घेतात. वराच्या पाच प्रतिज्ञांना आधार सिगालोवाद सुत्ताचा आहे. पत्नीचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, व्यभिचार करणार नाही, घरातला अधिकार तिच्या हाती देईन, वस्त्रे-अलंकार देईन. म्हणजे आपल्याकडे शब्द मुलगा स्वतः देतो. तो दिलेला नव्हे, देणारा आहे.

आता खरे दुखणे. सुपारी फुटली की हाच देणारा मागू लागतो. कधी गाडी, कधी अंगठी, कधी ‘लग्न जरा मोठ्या हॉलमध्ये करा’. पाथर्डी-शेवगावकडचे कुटुंब ऊसतोडीवरून परत येऊन उन्हाळ्यात लेकीचे लग्न काढते. जावयाच्या गाडीसाठी बाप मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतो. कोयता पुन्हा त्याच्याच हातात, शेजारी त्याची बायको.

१९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात लग्नाआधीचे मागणेही गुन्हाच आहे. नुसत्या मागणीला सहा महिने ते दोन वर्षे कैद आहे, वर दंड. ‘आम्ही कुठे हुंडा म्हणालो, हौस म्हणालो’ असे सांगून सुटका नाही.

पत्रिकेवर ‘नियोजित वर’ छापावे, पुरेसे आहे. आणि साखरपुड्यालाच चार माणसांसमोर मुलाकडून त्या पाच प्रतिज्ञा म्हणवून घ्याव्यात. बौद्धाचार्यांना त्यासाठी पाच मिनिटे लागतात.