डबी कुठली घ्यायची?

सिगारचं टोक कापायला वेगळं हत्यार मिळतं, हे पेठमध्ये कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण हातात मोबाईल आला आणि पोरं तेही बघायला लागली. एका पात्याचं, दोन पात्यांचं, खाच पाडणारं, नुसतं भोक पाडणारं. कशाने धूर सुरळीत ओढला जातो, कुठलं किती वर्षं टिकतं, यावर चर्चा चालते. आपल्या वस्तीत सिगार कुणी ओढत नाही, म्हणून हसायचं कारण नाही. हीच चर्चा आपल्या ओट्यावर आजोबांच्या काळापासून चालू आहे. चुन्याची डबी पितळेची बरी की स्टीलची? दोन तोंडांची घ्यावी का, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना? चंचीला कप्पे किती? अडकित्त्याची धार कशी आहे?

२०१६-१७च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारी प्रौढ माणसं शंभरात चारसुद्धा भरली नाहीत. तोंडात तंबाखू धरणारी मात्र चोवीस होती. म्हणजे आपला प्रश्न सिगारच्या कात्रीचा नाही, कमरेच्या डबीचा आहे. म्हणून आज डबीवरच लिहिते.

माझं मत आधीच सांगते. कुठल्याही वस्तूने तंबाखू कमी विषारी होत नाही. पण काही वस्तू अशा आहेत की त्या तंबाखू न खाणाऱ्यालाही, विशेषतः घरातल्या लेकरालाही, जायबंदी करतात. त्यात पहिला नंबर चुन्याच्या प्लास्टिकच्या पुडीचा आणि ट्यूबचा.

पूर्वी चुना डबीत असायचा. आता टपरीवर तंबाखूबरोबर चुन्याची इवलीशी पुडी किंवा ट्यूब मिळते. वापरून झाली की ती उशाशी, खिडकीत, नाहीतर शर्टाच्या खिशात राहते. रांगतं, नुकतं चालायला लागलेलं मूल ती उचलतं. मऊ असते, दाबायला मजा येते. मूल ती तोंडासमोर धरून दोन्ही हातांनी दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. नोकरीत असताना अशी लेकरं मी पाहिली आहेत. चार वर्षांच्या एका मुलाला आणलं तेव्हा डोळ्यावर पट्टी करकचून बांधलेली, पट्टीखाली तूप आणि तुपाखाली चुना तसाच. घरचे सांगत होते, आम्ही लगेच निघालो, वाटेत कुठे थांबलोसुद्धा नाही. त्यांचं खरं होतं. पण सगळा प्रवासभर चुना आपलं काम करत राहिला होता.

चुना हा अल्कली आहे, म्हणजे आम्लाच्या उलट जातीचा. डोळ्यावर पडल्यावर तो वरच्या थरावर थांबत नाही, आत शिरत जातो. बुबुळाचा आरशासारखा पारदर्शक भाग पांढरा पडतो आणि पुष्कळदा तसाच राहतो. इथे तासाचा नाही, मिनिटांचा हिशोब असतो. पेठहून नाशिक पन्नास किलोमीटरच्या वर आहे, वाटेत घाट आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्याची काय दशा होते ते मी तुम्हाला काय सांगणार! म्हणून गाडी बोलवायच्या आधी पाणी. मुलाला आडवं धरा, पापण्या बोटांनी उघड्या ठेवा आणि स्वच्छ पाण्याची धार डोळ्यात सोडत राहा. पाणी नाकाच्या बाजूने कानाकडे वाहू द्या, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात चुना जाणार नाही. चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढा. अर्धा तास धुवायचं. मूल रडेल, आजी म्हणेल पुरे आता, तरी थांबायचं नाही. दूध नको, तूप नको, गुलाबपाणी नको, आईचं दूधही नको. मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गाडीतही बाटलीने धुणं चालू ठेवा.

तेव्हा ज्याला तंबाखू आजच सोडता येत नाही त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की पुडी आणि ट्यूब घरात आणू नका. घट्ट फिरकीच्या झाकणाची धातूची डबी घ्या आणि ती लेकराचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. तंबाखूची तुलना करणारे नफ्याचं बोलतात, मी डोळ्यांचं बोलते.

हाच चुना तोंडातही काम करतो. तंबाखूत चुना मळला की निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या कातडीतून झपाट्याने रक्तात जातं. किक बसते ती त्यामुळे. जिथे विडा धरतात तिथलं आतलं कातडं सोललं जातं तेही त्यामुळे.

अडकित्त्याबद्दल लोकांचा समज असा की सुपारी बारीक कातरली, भाजली, म्हणजे बाधत नाही. शिवाय ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ हे वाक्य बायकांकडून फार ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी. सुपारीने तोंडाचं आतलं कातडं ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते आज जेवणाआधी सगळ्यांनी करून बघा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आशाताईला विचारा, तिशीच्या पुढच्यांची तोंडाची तपासणी फुकट होते.

आणि एक गोष्ट मला खटकते. धर्मांतरानंतर आपण पूजेच्या ताटातली, गणपती म्हणून मांडलेली सुपारी उचलून बाहेर ठेवली. पण पाहुण्यापुढच्या ताटातली सुपारी आणि अडकित्ता मात्र तसेच राहिले. अडकित्ता आजीची आठवण म्हणून जरूर ठेवा, कपाटात.

बिडीचं थोडक्यात. ‘बिडी म्हणजे नुसतं पान’ हे खोटं आहे. तिच्यात तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, पण पान हवा खेळू देत नाही, विझू नये म्हणून ती वरचेवर आणि जोरात ओढावी लागते, त्यामुळे विष कमी जात नाही. सिगारेटच्या फिल्टरने खोकला कमी येतो, धोका नाही. चिलमीचं ओलं फडकं आणि हुक्क्याचं पाणी धूर थंड करतं, स्वच्छ करत नाही. शिवाय एक चिलीम पाच तोंडांत फिरली तर टीबीसुद्धा फिरू शकतो. मोबाईलवर दिसणाऱ्या ई-सिगारेटची विक्री देशात २०१९पासून बंद आहे, तेव्हा ‘ताई, ही चालते का’ असं मला विचारू नका.

मिश्री भाजायचा तवा हे बायकांचं हत्यार. धुराने घर कोंदतं, लेकरं खोकतात, आणि दात घासते म्हणत दिवसातून चार वेळा तंबाखूच हिरडीला लागते. मुंबईतल्या बाराशेवर गरोदर बायांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी शंभर ग्रॅमने कमी आढळलं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे कुठल्याही दाईला विचारा.

आता मंडळाच्या कार्यकर्त्यांशी भांडण. मयतीच्या घरी आणि जलदानविधीला तंबाखू, चुना, बिडीबंडल आणि काड्यापेटी ठेवलेलं तबक फिरतं. तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या माणसाच्या फोटोसमोरसुद्धा ते फिरलेलं मी पाहिलं आहे. वर ते तबक फिरवायला आठ-दहा वर्षांचा पोरगा असतो, कारण मोठी माणसं बसलेली असतात. दुकानावर पुडी आणायलाही त्यालाच धाडतात. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. २०१५च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण कायद्याचं राहू द्या. मंडळाने एका बैठकीत ठरवलं की तबक बंद, तर ते बंद होतं. एकट्या घराने बंद केलं तर ‘कंजूष आहेत’ म्हणतात, म्हणून ठराव मंडळाचाच हवा.

सोडू बघणाऱ्यांना: पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. मग हळूहळू उतरतं, दोन ते चार आठवडे लागतात. द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्यांनी कामाच्या पहिल्याच आठवड्यात सोडायला घेऊ नये. मुकादमाशी भांडण होईल आणि पुडी परत येईल. मेडिकलमध्ये निकोटीनची चघळायची गोळी मिळते. ती बडीशेपेसारखी चावून संपवायची नाही. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात धरायची, परत थोडी चावायची. तंबाखू धरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. गरोदर बाई किंवा हृदयाचा पेशंट असेल तर डॉक्टरला विचारूनच. आणि १८००-११-२३५६ या नंबरवर फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात. तो पुडीवरच छापलेला असतो, फेकायच्या आधी उतरवून घ्या.